घरभर आवाज

मानपाडा, डोंबिवली पूर्व
९ जुलै २०२४

सुश्रुत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून देशील, म्हणून आधीच सांगते. घरी कुणाला काही झालेलं नाही, आणि हे पत्र बाबांनी लिहायला लावलेलं नाही. त्यांना माहीतही नाही. फोन केला असता, पण तू उचललास तर माझा आवाज ऐकून भलतंच काही समजशील. व्हॉट्सॲप टॅबवर उघडतं आणि टॅब त्यांच्या हातात असतो. शिवाय मी जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसलेली बाई. पत्र पोहोचतं यावर माझा अजून विश्वास आहे.

काम तसं साधं आहे. पहिल्या पगारातून तू घेतलेलं होम थिएटर. तू माजिवड्याला राहायला गेल्यापासून ते हॉलमध्ये तसंच होतं, मी त्यावर कापड घालून ठेवलेलं. गेल्या महिन्यात बाबांनी कापड काढलं. म्हणाले, "एका खोलीत पाच स्पीकर कशाला पाहिजेत? प्रत्येक खोलीत एक लावतो. घरभर आवाज पाहिजे." मला खरं तर बरं वाटलं. कंपनी सुटल्यापासून त्यांनी हातात पक्कडसुद्धा धरली नव्हती. आता एक हॉलमध्ये, एक आमच्या खोलीत, एक तुझ्या खोलीत, एक स्वयंपाकघरात आणि एक बाथरूमच्या बाहेर. भिंतीला पांढऱ्या पट्ट्या मारून वायरी इतक्या सरळ नेल्यात की बघत राहावं.

पण तुझा तो मुख्य डबा, रिसीव्हर, तासाभरात तापतो आणि आपोआप बंद पडतो. बाबा म्हणतात त्याला दुसरा झोन आहे, त्यातून बाकीच्या खोल्या चालायला हव्यात. त्याच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक सापडत नाही. तुला काही सुचत असेल तर दोन ओळी लिही. हेमाच्या पत्त्यावर लिही, तो पाकिटामागे आहे. हेमा म्हणजे खालच्या मजल्यावर सरोजताईंकडे दिवसभर असते ती बाई. ती मला आणून देईल.

ऐकतात काय म्हणशील तर बातम्या, क्रिकेटची कॉमेंट्री, पिकांवरच्या रोगांची भाषणं. नुसती माणसांची बोलणी. गाणं एकही नाही. मी एकदा सकाळी भक्तिगीतं लावा म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही.

बाकी ठीक. तुझी तब्येत कशी आहे? गोळ्या अजून चालू असतील तर वेळेवर घेत जा.

आई


२२ जुलै

सुश्रुत,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. मी त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचल्या आणि मग बसून वाचल्या.

"एकाच रिसीव्हरवर एवढे स्पीकर टाकले की त्याच्यावर ताण येतो, स्वतःला वाचवायला तो बंद होतो. दोन काढा, नाहीतर मध्ये सिलेक्टर बॉक्स लावा. आणि आवाज कमी ठेवा." हे मी बाबांना टॅबवर वाचलं म्हणून सांगितलं. सिलेक्टर बॉक्स त्यांनी आणला. दोन स्पीकर काढायचे सोडून उलट एक वाढवला. आता बाथरूमच्या आतही आहे. आवाज कमी ठेवायचं मात्र त्यांनी ऐकलंच नाही. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, झाकण हलताना दिसलं की मोजते.

तू विचारलंयस की एवढ्या मोठ्या आवाजात ते ऐकतात तरी काय. ते ऐकतच नाहीत रे. कॉमेंट्री चालू असते आणि स्कोर विचारला तर सांगता येत नाही. आवाज फक्त असला पाहिजे. या खोलीतून त्या खोलीत जाताना मध्ये जरा जागा मिळाली, जिथे आवाज बारीक होतो, तर तिथून ते झपाझप चालतात.

आणि डबा बंद पडतो तेव्हा. हे लिहू की नको असं दोनदा झालं. बंद पडला की घर एकदम गप्प होतं आणि मला हायसं वाटतं, पण बाबा जिथे असतील तिथे ताठ होतात. एकदा ताटावरून उठले ते उष्ट्या हाताने भिंतीला कान लावून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, काय झालं?" तर बोट ओठांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. ओळख नसल्यासारखे नाही. मी कुणाच्या तरी बाजूची आहे, असे.

मग डबा गार झाला, बातम्या लागल्या, आणि येऊन भात संपवला.

वयाने होत असेल. तू काळजी करू नकोस.

आई


३ ऑगस्ट

सुश्रुत,

खालचा आनंद वर आला होता. तोच, सरोजताईंचा मुलगा. चांगल्या शब्दांत म्हणाला, "काका, आईला झोप लागत नाही. थोडा आवाज कमी कराल का?" सरोजताईंना फुप्फुसाचं दुखणं आहे, ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, नाकाला नळी. बाबा त्याला म्हणाले, "आधी तुमची गाणी बंद करा."

"कसली गाणी?"

"दिवसभर चालू असतात ती. सनई. मुद्दाम लावता. मला कळत नाही असं वाटतं का?"

आनंद माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. त्यांच्याकडे गाणी लागत नाहीत, सुश्रुत. मी रोज दुपारी खाली जाऊन बसते, मला माहीत आहे. मशीनची घरघर तेवढी असते.

तेव्हापासून बाबा खाली जाऊन त्यांच्या दाराशी उभे राहतात. बेल वाजवत नाहीत. नुसते उभे राहतात. हेमाने दार उघडलं आणि समोर हे. ती घाबरून मला सांगायला आली. मी म्हटलं, पेपर चुकून खाली टाकला असेल तो बघत असतील.

काल दुपारी खालच्यांकडची लाईट गेलेली. आली लगेच. विशेष काही नाही.

तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. पावसाने जरा उघडीप दिली आहे.

आई


५ ऑगस्ट

सुश्रुत,

परवाच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. लाईट गेली नव्हती. बाबांनी घालवली.

मी भाजी घेऊन येत होते. बाबा तळमजल्यावरच्या मीटररूममधून बाहेर येताना दिसले. मला बघून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "झालं. आता कसं शांत वाटतंय बघ." आणि जिना चढून गेले. मला काही कळेना. तेवढ्यात वरून हेमाचा आवाज आला, ती आनंदच्या नावाने हाका मारत होती, आणि आनंद तर ऑफिसात.

मी मीटररूममध्ये गेले. एवढ्या मीटरांमध्ये त्यांचं कुठलं ते शोधताना माझ्या डोळ्यांपुढे आकडे नाचत होते. एक खटका खाली पडलेला दिसला तो वर केला. मग जिना चढून गेले. लाईट गेली तर म्हणून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलेंडरची चावी हेमाला फिरत नव्हती, ती रडत रडत फिरवत होती. सरोजताई पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसलेल्या, ओठ जांभळे, आणि एक हात हवेत, काहीतरी पकडायला जावा तसा. मशीन सुरू झालं होतं. मी तो हात धरला. त्यांनी माझ्या बोटांना इतकं आवळलं की अजून दुखतात. हळूहळू ओठांवर रंग आला.

हेमा म्हणाली, "ताई, देवासारख्या आलात."

मी पाणी प्यायले आणि वर आले. वर बाबा तुझ्या खोलीत स्पीकरखाली खुर्ची टाकून बसलेले, आणि परत तसेच, दात आवळलेले. मला म्हणाले, "अजून चालू आहे ती. लाईट नाही तरी चालू आहे. बॅटरीवर लावतात."

मला त्यांची भीती वाटते, सुश्रुत. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी हात उगारला नाही, आणि आता ते आंघोळीला गेले की मी सुऱ्या डाळीच्या डब्यात ठेवते. परत खाली गेले तर? या वेळी मी बाजारात नसले आणि झोपलेली असले तर? मीटररूमला मी स्वतःचं कुलूप लावलं, वॉचमनने काढून टाकलं. आनंदला सांगितलं तर पोलीस येतील. नाही सांगितलं तर मी कोण झाले?

तू ज्या दिवशी घर सोडलंस त्या दिवशी त्यांनी तुला मनाच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी फाडली होती. "आमच्या घरात असलं काही नसतं" म्हणाले होते. म्हणून हे तुला सांगायचा मला हक्क नाही हेही मला कळतं. पण दुसरं कुणी नाही.

आई


माजिवडा, ठाणे
७ ऑगस्ट

आई,

तुझं पत्र हेमाताईंनी फोटो काढून पाठवलं, मीच त्यांना तसं सांगून ठेवलेलं. त्यांनी वाचलं नसावं, पण वाचलं असेल तर असो.

पहिलं म्हणजे आनंददादाला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार. यात मी बाबांची बाजू घेणार नाही, तुझीसुद्धा नाही. तोपर्यंत खालच्यांकडे सिलेंडरची चावी फिरते का ते रोज बघ.

दुसरं. मी येतो. शनिवारी. पण त्याआधी एक करून बघ, दिवसाढवळ्या, हेमाताईंना दाराबाहेर उभं करून. रिसीव्हरचा प्लग काढ. आणि बाबांना नीट विचार की आत्ता काय ऐकू येतंय. भांडू नकोस, "तसं काही नाही" म्हणू नकोस. मला कुणी असं विचारलं असतं ना त्या वेळी, तर मी घर सोडलं नसतं.

मला काय वाटतं सांगू? सिस्टिम त्यांनी ऐकायला नाही लावली. काहीतरी ऐकू येऊ नये म्हणून लावली.

गोळ्या चालू आहेत. बरा आहे.

सुश्रुत


९ ऑगस्ट

सुश्रुत,

तू उद्या येतोयस, पण तू आल्यावर त्यांच्यासमोर मला हे सांगता यायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. आल्या आल्या आधी हे वाच.

आज सकाळी मी प्लग काढला. हेमा बाहेर उभी होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात. घर गप्प झालं तसे ते माझ्यावर धावून आले, खरंच आले, हात पुढे करून. मी डोळे मिटले. हात माझ्या अंगावर आला नाही, प्लगकडे गेला. मी तो पदराखाली धरून ठेवला.

"दे तो."

"देते. आधी सांगा, आत्ता काय ऐकू येतंय?"

"तुला माहीत आहे."

"नाही माहीत. मला काही ऐकू येत नाहीये. तुम्हाला काय येतंय ते सांगा."

ते जमिनीवर बसले. एवढा मोठा माणूस स्वयंपाकघरात फरशीवर. म्हणाले, "सनई. एकच ओळ. अर्ध्यावर तुटते आणि परत पहिल्यापासून. सकाळी उठल्यापासून. मार्च महिन्यापासून. तोंड धुताना, जेवताना. बोलणं चालू असलं की जरा मागे जाते." आणि मग, "खालून येत नाही ती. बॅटरीचं म्हटलं, पण मला कळलं त्या दिवशी. लाईट घालवली तरी चालूच होती. चित्रा, ती कुठून येते?"

मी जवळ बसले.

मग त्यांनी दादाचं सांगितलं. हरिहर, त्यांचा मोठा भाऊ. मला लग्नात सांगितलं होतं की कॉलेजात असताना काविळीने गेला. तो काविळीने गेला नव्हता. त्याला आवाज ऐकू यायचे. तुझे आजोबा त्याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेले, सोबत बाबा होते, शाळेतले. दादाला सांगितलं होतं, तपासतील आणि संध्याकाळी घरी. तो फाटकातून आत गेला. परत येताना आजोबांनी बाबांना उसाचा रस पाजला आणि सांगितलं, दादा गेला, असं समजायचं. घरी येऊन तसंच सांगितलं. दहावं, तेरावं सगळं केलं. बाबांचं मुंडण केलं. माणूस तिकडे जिवंत.

"तो पुढे कितीतरी वर्षं होता," बाबा म्हणाले. "सुश्रुत झाला तेव्हा होता. खरंच गेला तेव्हा आमच्याकडे करायला काही उरलेलं नव्हतं."

मी विचारलं, म्हणून सुश्रुतची चिठ्ठी फाडलीत का. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मला वाटलं, त्याला नेतील."

आणि मार्चमध्ये स्वतःलाच ऐकू यायला लागलं, तेव्हा त्यांना वाटलं की आता आपल्याला नेतील, आणि मी घरी येऊन सगळ्यांना सांगेन की ते गेले. माझ्याकडे ते तसं बघायचे ते यासाठी.

प्लग मी त्यांच्या हातात दिला. त्यांनीच लावला. आवाज मात्र या वेळी थोडा कमी ठेवला.

आई


२६ सप्टेंबर

सुश्रुत,

काल फोनवर तू विचारलंस आणि मी "सगळं ठीक झालं" एवढंच म्हणाले, कारण बाबा शेजारी बसले होते. नीट लिहिते.

तू त्या शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे नेलंस ते बरं झालं. तू गेल्यावर बाबा तो कागद पुन्हा पुन्हा काढून बघायचे, दोन्ही कानांच्या त्या उतरत्या रेषा. सगळी नोकरी कंपनीतल्या कंप्रेसरच्या शेजारी काढली, कान गेले, आणि कानाला काही मिळेनासं झालं की मेंदू स्वतःच गाणं लावतो, हे त्यांना इंजिनिअर म्हणून पटलं होतं. पण डॉक्टरांनी "एकदा मनाच्या डॉक्टरांनाही दाखवून खात्री करून घ्या" म्हटलं होतं ना, तिथे सगळं अडलं होतं.

त्याआधी खालचं सांगते. आनंदला मी सांगितलं हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. गेल्या आठवड्यात बाबा स्वतः खाली गेले. मी मागे. आनंदने दार उघडलं पण वाट दिली नाही. बाबा दारातूनच म्हणाले, "खटका मी पाडला होता. माझ्या डोक्यात गाणं होतं, मला वाटलं तुमचं आहे."

आतून सरोजताईंनी विचारलं, एकेका शब्दाला दम घेत, "माझ्या मशीनचा... त्रास होतो का... वर?"

बाबांना ऐकू आलं नाही. मी मोठ्याने सांगितलं. तेव्हा म्हणाले, "नाही. तुमच्या घरातलं मला काहीच ऐकू येत नाही. कधीच आलं नाही."

आनंद म्हणाला, "काका, मी तक्रार केलेली नाही. आईने करू दिली नाही. पण तुम्ही परत या दारात येऊ नका. काकू, तुम्हीसुद्धा." आणि दार लावलं. मीटररूमला आता सोसायटीचं कुलूप आहे. सरोजताईंचा हात मी धरला होता, त्याची मला आठवण येते. पण तो चुकीचं काही बोलला नाही.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "दाखवायचंच असेल तर तिथेच दाखवतो. दादा गेला तिथे." मी म्हटलं, सुश्रुतने दुसरे चांगले डॉक्टर शोधलेत. ते ऐकेनात. आणि तुला सोबत घ्यायला तर साफ नाही म्हणाले. "त्याला त्या फाटकातून नेणार नाही," एवढंच. म्हणून आम्ही दोघंच गेलो आणि तुला नंतर कळवलं. रागावू नकोस.

रिक्षात त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. फाटकाशी उतरलो. बाहेर चहावाला, आत झाडं, लोक डबे घेऊन जात-येत होते, कुठल्याही सरकारी इस्पितळासारखं. पण बाबांचे पाय हलेनात. मलाही भीती वाटली, सुश्रुत. वाटलं, आत काहीतरी निघालं आणि यांना ठेवून घेतलं तर मी या रस्त्याने एकटी कशी परत जाणार. कुणाला काय सांगणार. ते विचार मनात आले, आणि मला तुझ्या आजोबांचा चेहरा दिसला. मी म्हटलं, "चला. मी हात सोडत नाही."

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने सगळं मोठ्याने, सावकाश विचारलं. गाणं तुमच्याशी बोलतं का? काही करायला सांगतं का? कुणी पाठलाग करतंय असं वाटतं का? बाबा परीक्षेला बसल्यासारखे उत्तरं देत होते. खटक्याचंही सांगितलं, तिने न विचारता. तिने ते लिहून घेतलं.

शेवटी ती म्हणाली की हे त्या आजारातलं दिसत नाही. कान आहेत, आणि फार दिवस एकट्याने धरून ठेवलेली भीती आहे. कानाचं मशीन लावा. घरात हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा, ते तुम्ही आपणहून केलंत ते योग्यच होतं, फक्त फार मोठं केलंत. महिन्याने बोलायला या, आणि रागाच्या भरात काही करावंसं वाटलं तर आधी बायकोला सांगा. "सनई कदाचित पूर्ण जाणार नाही," असंही ती म्हणाली. बाबांनी विचारलं, "मग आता?"

"आता जा घरी."

बाबा उठले नाहीत. तिला वाटलं ऐकू आलं नाही, तिने परत सांगितलं. बाबा म्हणाले, "ऐकलं. घरी म्हणजे आमच्या घरी?"

ती गडबडली. मी म्हटलं, "हो. आपल्या घरी."

व्हरांड्यातून ते हळू चालले, मग भराभर, मग मला जवळजवळ ओढतच. फाटकात एका म्हाताऱ्या वॉचमनने आमच्याकडे सहज बघितलं. बाबा थांबले आणि हातातला कागद त्याच्यापुढे धरला. त्याने काही वाचलं नाही, जा जा म्हणून हात हलवला.

रस्ता ओलांडून गेल्यावरच त्यांनी मागे वळून बघितलं. बराच वेळ बघत होते. मी विचारलं, गाणं चालू आहे का. म्हणाले, चालू आहे. मग त्यांनी माझं मनगट सोडलं, त्यावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. ते चोळत म्हणाले,

"चित्रा, मला सोडलं त्यांनी."

आई